सिम्युलेटरमधला बिघाड आधीच ठाऊक असतो, मग अचानक संकटाची तयारी होते कशी?

लातूरहून तुम्ही विचारलंय की सिम्युलेटरमध्ये (जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये) दर सहा महिन्यांनी होणाऱ्या परीक्षेत इंजिन बंद पाडणार हे पायलटला माहीतच असतं, मग त्यात अचानक काय राहिलं? शंका रास्त आहे. ती परीक्षा ठरलेल्या कृतींवर हात बसलाय का, हे बघण्यासाठी असते.

धावपट्टीवर वेग व्ही-वनला, म्हणजे उड्डाण रद्द करता येण्याच्या शेवटच्या वेगाला, पोचला की कॅप्टन थ्रस्ट लिव्हरवरचा (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरचा) हात काढून घेतो. त्यानंतर इंजिन गेलं तरी उडायचंच, कारण उरलेल्या पट्टीत विमान थांबेल याची खात्री नसते. विमानाचं नाक बंद पडलेल्या इंजिनाकडे वळू लागतं. विरुद्ध बाजूचं रडरचं (शेपटीवरच्या सुकाणूचं) पेडल पायाने दाबून मधली रेषा धरायची, ठरलेल्या वेगाला नाक उचलायचं, विमान चढू लागलं की चाकं आत. निदान ४०० फूट उंची मिळेपर्यंत बिघडलेल्या इंजिनाच्या वाटेला कोणी जात नाही. यातलं नाक उचलणं किरकोळ समजू नका. २६ एप्रिल १९९३ला आपल्या औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) चिकलठाणा विमानतळावर इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ उशिरा उचललं गेलं आणि बीड रोडवर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. ५५ माणसं गेली. उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक अडवली नव्हती, हेही चौकशीत कारण ठरलं.

घाईत चांगलंच इंजिन बंद केलं जातं, हा दुसरा धोका. २०१५मध्ये तैपेईत ट्रान्सएशिया कंपनीच्या एटीआर ७२ या दोन इंजिनांच्या विमानाचं तेच झालं: बिघाड दोन नंबरच्या इंजिनात, लिव्हर ओढला एक नंबरचा. म्हणून एकाने लिव्हरवर हात ठेवून नंबर मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने बघून ‘कन्फर्म’ म्हणायचं, मगच लिव्हर मागे.

खरा अचानकपणा वेगळ्या सत्रांत येतो. इन्स्ट्रक्टर काहीच सांगत नाही. सरळसाध्या फेरीत सामानाच्या कप्प्यात धुराचा इशारा, त्यातच जवळच्या विमानतळावर धुकं. दोन्ही एकदम आलं तर काय करायचं, याची तयार चेकलिस्ट (करायच्या कामांची यादी) नाही. इथे बिघाड सुटला की नाही यापेक्षा दोघांनी कामं कशी वाटली ते बघतात. एकाने फक्त विमान उडवायचं, दुसऱ्याने चेकलिस्ट आणि रेडिओ. दोन्ही डोकी एकाच स्क्रीनमध्ये गेली तरी सत्र थांबवत नाहीत, संपल्यावर त्यावर बोलतात. माझ्या मते सगळ्यात उपयोगी शिक्षण हेच, पण तपासणीच्या कागदावर ते नीट उतरत नाही.

पायलट व्हायचं असेल तर तुमची सुरुवात मात्र सेसना १७२सारख्या छोट्या विमानावर होईल. तिथे इन्स्ट्रक्टर न सांगता थ्रॉटल (इंजिनाचा जोर ठरवणारा दांडा) मागे ओढतो, जणू इंजिन गेलं. आधी वेग साधारण ६५ ते ६८ नॉटवर आणायचा, मग वाऱ्याची दिशा बघायची, मग उतरायला शेत. वरून उसाचा फड छान सपाट दिसतो, पण त्यात चाकं अडकून विमान उलटू शकतं. काढणी झालेलं सोयाबीनचं रान बरं, तेही पाऊस झालेला नसेल तर. ओल्या काळ्या मातीत पुढचं चाक रुततं. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांबांची रांग शोधायची.