सुनावणी झाली, पण ऐकलं कोणी?

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोरच्या भूखंडावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे. महापालिकेने ते उठवून तिथे व्यापारी वापर सुचवला. साठ जणांनी मुदतीत हरकती दिल्या. सुनावणीला सगळ्यांना एकाच वेळी बोलावलं, प्रत्येकाला दोन मिनिटं. साहेब दुसऱ्याच फायलींवर सह्या करत होते, आमचं बोलणं कोणी टिपून घेतलं नाही. आता प्रस्ताव मंत्रालयात गेलाय. ही सुनावणी रद्द करता येईल का?

उत्तर : रजा टाकून आलेल्या माणसाचं म्हणणं लिहूनही घ्यायचं नाही, याची चीड यायलाच हवी. मलाही येते. तरी 'आमचं नीट ऐकलं नाही' एवढ्याच मुद्द्यावर हायकोर्टात धावू नका. पुणे महापालिका विरुद्ध प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशन या प्रकरणात 2004 साली सुप्रीम कोर्टाने विकास नियंत्रण नियमावलीतल्या, म्हणजे शहरातल्या बांधकामाच्या नियमांतल्या, बदलाला कायदा करण्याचंच काम मानलं. अशा कामात नैसर्गिक न्यायाचा, म्हणजे निर्णयाआधी बाधिताचं नीट ऐकून घेण्याचा, मुद्दा कायद्यात लिहिलेल्या प्रक्रियेपलीकडे फारसा ताणता येत नाही. तुमच्याविरुद्ध हाच निकाल पुढे केला जाईल.

म्हणून लिहिलेली प्रक्रियाच घट्ट धरा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 37 वाचा. शहराच्या विकास आराखड्यात बदल कसा करायचा, ते त्यात आहे. राजपत्रात सूचना, हरकतींसाठी एक महिना, बाधितांना वेगळी नोटीस, त्यांची सुनावणी आणि मगच प्रस्ताव सरकारकडे. शिवाय बदलामुळे आराखड्याचं मूळ स्वरूप पालटता कामा नये. तुम्हाला नोटीस हातात मिळाली होती, की फक्त वर्तमानपत्रात वाचली? हे आधी तपासा.

माहिती अधिकारात फाइलच पाहायला मागा : सुनावणीचा अहवाल, नोटिशींच्या पोचपावत्या, प्रत्येक हरकतीवरचा अभिप्राय. पण उत्तराला 30 दिवस लागू शकतात, तोवर थांबू नका. सरकार नगररचना संचालकांशी विचारविनिमय करून प्रस्ताव मंजूर करू शकतं, त्यात बदल करू शकतं, फेटाळूही शकतं. तुमची खरी संधी मंजुरीच्या आधीची, म्हणजे आत्ताची आहे.

याच आठवड्यात नगरविकास विभागाला पत्र द्या, प्रत संचालकांना. सुनावणीची तारीख, वेळ, किती जण हजर होते, कोण काय बोललं, काय नोंदवलं गेलं नाही, सगळं लिहा. साठ जणांनी एकच मजकूर छापून देऊ नका, त्याची एकच हरकत धरली जाते. ज्याची मुलं तिथे खेळतात त्याने ते लिहावं, जवळचं दुसरं मैदान किती लांब आहे ते कुणी मोजून लिहावं. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

मंजुरीची अधिसूचना निघालीच, तर बांधकाम उभं राहायच्या आत हायकोर्टात रिट याचिका, म्हणजे सरकारी निर्णयाला थेट आव्हान देणारा अर्ज, दाखल करा. बंगळुरूतल्या बागेची जागा खासगी रुग्णालयाला दिली होती, ती 1991 साली सुप्रीम कोर्टाने बागेसाठीच राखली, आणि दाद मागण्याचा तिथल्या रहिवाशांचा हक्कही मान्य केला. मुडप्पा प्रकरण म्हणून तो निकाल ओळखला जातो. वकिलाकडे जाताना त्याची प्रत आणि सगळ्या पोचपावत्या सोबत न्या.