घराभोवतीची विषारी झाडे : लहान मूल असलेल्या घरात काय काढावे आणि काय ठेवावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : नाशिकला गंगापूर रस्त्यावर आपण भाड्याने घेतलेल्या बंगल्याच्या अंगणात कण्हेर, बिट्टी आणि रुई आहे, दिवाणखान्यात डिफेनबाकियाची मोठी कुंडी आहे, घरात दीड वर्षाचे मूल आहे आणि घरमालकीणबाई पूजेला फुले लागतात म्हणून एकही झाड तोडू देत नाहीत. अशा वेळी नेमके कशाला भ्यावे? मी ३१ वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले आणि तेवढीच वर्षे याच शहरात बाग केली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘विषारी’ हा एकच शब्द आपण फार निरनिराळ्या गोष्टींना लावतो. काही झाडांचा अंश पोटात गेला तर हृदयाची लय बिघडते किंवा शुद्ध हरपते. काहींनी तोंड भाजल्यासारखे होते, मूल तासभर रडते आणि संध्याकाळी खेळायला लागते. दोन्हींची भीती सारखीच बाळगली, तर घरातला मनी प्लांट बाहेर जातो आणि दारातली बिट्टी तशीच राहते. मी हे अनेक घरांत पाहिले आहे.

आपल्या अंगणात सर्वांत आधी बिट्टीकडे पाहा. पिवळी कण्हेर म्हणतात ती हीच. कर्ण्यासारखी पिवळी फुले, अरुंद चकचकीत पाने आणि कोनदार हिरवे फळ, जे पिकल्यावर काळे पडते. फळाच्या आत कठीण आठळी असते आणि तिच्यात बिया. विष झाडाच्या सर्व भागांत, चिकातही आहे. पण बियांत ते सर्वाधिक असते. आमच्या लहानपणी मुले या बिट्ट्या खेळायला गोळा करत, मोठी माणसे तोंडात घालू नका एवढेच सांगत, आणि मोठ्या मुलांच्या बाबतीत ते बहुधा पुरत असे. रांगणाऱ्या किंवा नुकत्याच चालू लागलेल्या मुलाला मात्र सांगण्याचा उपयोग नसतो, आणि फळे तर झाडाखाली त्याच्या हाताच्या उंचीवरच पडलेली असतात. त्यामुळे घरमालकीणबाईंशी एकाच झाडाबद्दल बोलायचे असेल, तर ते बिट्टीबद्दल बोला. झाड राहणारच असेल, तर फुलांचा बहर ओसरताच कोवळी फळे खुडून टाकणे आणि झाडाखालची जागा रोज झाडणे एवढे तरी ठरवून घ्या.

गुलाबी, पांढरी किंवा लाल कण्हेर ही तिची नातेवाईक असून दोघींचे विष एकाच जातीचे आहे. हृदयाच्या पेशींत सोडियम आणि पोटॅशियम यांची देवाणघेवाण करणारा जो पंप असतो, त्यालाच ते अडवते. परिणामी उलट्या होतात, नाडी मंदावते आणि ठोके अनियमित होतात. हृदयविकारात दिले जाणारे डिगॉक्सिन हे औषध याच मार्गाने, परंतु अगदी मोजक्या मात्रेत काम करते. कण्हेरीचे पान अतिशय कडू असल्यामुळे मुले बहुतेक वेळा ते थुंकून टाकतात, हा निसर्गाने ठेवलेला मोठा आधार आहे. तरीही त्याच्या भरवशावर राहू नये. पान वाळले तरी विष जात नाही, म्हणून छाटलेल्या फांद्या शेकोटीत जाळू नयेत, त्यांच्या काड्यांना काही खोचून भाजू नये आणि तो पाला शेळ्या-गाईंपुढे कधीही टाकू नये. देवापुढच्या तांब्यात कण्हेर ठेवली असेल, तर ते पाणी तीर्थ म्हणून कोणाच्या ओंजळीत जाणार नाही याकडे लक्ष द्यावे.

हे लिहिताना मला नेहमी जाणवते की आपल्याकडची सर्वांत जहाल झाडे रानातून चुकून घरात आलेली नाहीत. ती पूजेच्या तबकातून आली आहेत. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरी किंवा पंचवटीत कपालेश्वराला जाताना बेलाबरोबर धोत्र्याचे फूल आणि काटेरी फळ घेतले जाते आणि त्यातले उरलेले एखादे फळ घरी कट्ट्यावर दोन दिवस पडून राहते. ते तडकले की आत शेकडो बारीक बिया असतात. धोत्र्यात अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्ये असतात. तोंड कोरडे पडणे, चेहरा लाल होणे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे, नाडी जलद चालणे आणि असंबद्ध बडबड ही त्याची लक्षणे होत. मुलाला ताप आला आहे आणि ते भ्रमात बोलते आहे असे समजून यात मौल्यवान वेळ जातो. श्रद्धेला धक्का न लावता एवढे करता येते : वाहिलेले फळ देवळातच राहू द्यावे, घरी आणू नये.

रुईचे तसे नाही. तिचा धोका पोटापेक्षा डोळ्याला अधिक आहे. माझ्या सासूबाई दर शनिवारी मारुतीसाठी रुईच्या पानांची माळ करत. एका शनिवारी चिकाचा हात डोळ्याला लागला. दुखले नाही, म्हणून त्या कोणाला काही बोलल्याच नाहीत आणि संध्याकाळी त्यांना समोरचे सगळे धुक्यात असल्यासारखे दिसू लागले. रुईचा चीक बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला सूज आणतो आणि पुष्कळदा वेदना मात्र होत नाहीत. नेत्रतज्ज्ञांनी दिलेल्या थेंबांनी दोन आठवड्यांत त्यांची दृष्टी पूर्ववत झाली. पण त्यांनी लगेच डोळा धुतला असता आणि आम्ही त्याच दुपारी गेलो असतो, तर बरे झाले असते, ही खंत मला आजही आहे. माळ करताना हातमोजे घालावेत. चीक डोळ्यात गेल्यास वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा आणि दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आपण विचारले नाही, पण गुंज घरात असल्यास तीही तपासा. सोन्याच्या जुन्या वजनांत ९६ गुंजांचा एक तोळा होत असे, त्यामुळे अनेक घरांत आजोबांच्या डबीत लाल-काळ्या गुंजा सापडतात. गुंजेचा पाला आपण विड्यात खातो, पण बी अत्यंत विषारी आहे. अखंड बी गिळले तर कठीण सालीमुळे ते बहुधा तसेच बाहेर पडते. चावलेले किंवा माळेसाठी भोक पाडलेले बी मात्र घातक ठरू शकते. एरंडाच्या बीचेही असेच आहे. एरंडेल तेलात ते विष उतरत नाही, म्हणून तेल औषधी आणि बी प्राणघातक, हा विरोधाभास पुष्कळांना खरा वाटत नाही. शेताच्या कुंपणावरचा मोगली एरंड वेगळा. त्याचे बी चवीला शेंगदाण्यासारखे लागते, म्हणून मुले ते आवडीने खातात आणि मग उलट्या-जुलाबांनी हैराण होतात.

डिफेनबाकियाबद्दल आपण सर्वांत जास्त काळजी व्यक्त केली आहे आणि तेथेच काळजी थोडी कमी केली तरी चालेल. तो आणि मनी प्लांट हे अळू-सुरणाच्या कुळातले. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळू खाजते ते त्यामुळेच. मुलाने पान चावले तर जीभ आणि ओठ सुजतात, लाळ गळते. तोंड ओल्या कापडाने पुसावे, थंड पाणी किंवा दूध घोटघोट द्यावे. श्वासाला अडथळा वाटला किंवा गिळता येईनासे झाले, तर मात्र थेट रुग्णालय गाठावे. कुंडी उंचावर ठेवली की प्रश्न मिटतो. सदाफुलीची पाने मधुमेहावर म्हणून सकाळी चघळणारे आपल्या ओळखीत असतील, तर त्यांना थांबवा. कर्करोगावरची विनक्रिस्टीनसारखी जहाल औषधे त्याच झाडातून मिळतात.

बिट्टी, कण्हेर, धोतरा, गुंज किंवा एरंड यांतले काही मुलाच्या तोंडात गेल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट पाहू नका; एरंड आणि गुंजेची लक्षणे काही तासांनी दिसू लागतात. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नये. त्यात मीठ स्वतःच लहान मुलाला अपाय करते आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. तोंडातले तुकडे बोटाने अलगद काढा, १०८ ला फोन करा आणि हृदयाचा आलेख काढण्याची व मुलाला देखरेखीखाली ठेवण्याची सोय असलेल्या रुग्णालयात जा. जाताना त्या झाडाची पाना-फळासह डहाळी पिशवीत घालून न्या आणि मुलाने ती किती वाजता खाल्ली असावी हे कागदावर लिहून ठेवा, कारण अपघात विभागातील डॉक्टर पहिल्यांदा याच दोन गोष्टी विचारतात.