सुया टोचून टेन्शन जातं का?

‘ताई, मी ३८ वर्षांची, हिंजवडीत नोकरी. रात्री साडेदहाला न्यूयॉर्कचा कॉल. मग पहाटे तीनला जाग, मान आखडलेली, दात आवळलेले. जाऊबाईंना अ‍ॅक्युपंक्चरने बरं वाटलं, मलाही जा म्हणतात. नवरा हसतो. दवाखान्यात १५ सिटिंगचे पैसे आधीच भरा म्हणाले, शिवाय बीपीची गोळी हळूहळू बंद करू, असंही. काय करू?’
– कोथरूडहून एक

अगं, नवऱ्याला हसू दे. पण गोळी बंद करू म्हणणाऱ्याची पायरी पुन्हा चढू नकोस. ते तुझे डॉक्टर ठरवतील, सुईवाले नाहीत.

बाकी सुयांना माझी ना नाही. मी घेतल्यात. इंजेक्शनसारखी ती पोकळ नसते, केसाहून थोडी जाड. एक भुवयांच्या मध्ये, एक कानाच्या खळग्यात, एक मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं सोडून. टोचताना मुंगी चावल्यासारखं, मग नुसतं जड जड. वीस-पंचवीस मिनिटं हात हलवायचे नाहीत. पर्समध्ये फोन थरथरत होता आणि मला तो उचलता येत नव्हता! गुण सुयांचा की त्या सक्तीच्या पडून राहण्याचा, मला आजही सांगता येणार नाही. अभ्यासांतही नुसत्या खोट्या, नावापुरत्या सुया लावलेल्यांना बराच आराम पडलेला दिसतो. मानदुखीसाठी पुरावा जरा बरा आहे, तणावासाठी बेताचाच.

म्हणून १५ चे पैसे एकदम भरू नकोस. चार-पाच वेळा जा, दर वेळी पैसे दे, फरक पडला तर पुढचं बघ. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे, परिषद आहे. तेव्हा नोंदणी क्रमांक बेधडक विचार. सुयांचं पाकीट तुझ्यासमोर फोडलं पाहिजे, वापरलेली सुई पुन्हा नको. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी सांग. दात आवळतेस, त्यासाठी दंतवैद्याकडेही एक फेरी मार.

आता एक विचारते. साडेदहाचा कॉल तू एका ओळीत उरकलास, तो कोणी ठरवला? आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ-साडेदहा असतात. कोणाचीच झोप मोडत नाही. साहेबांना कधी विचारलंस? मला वाटतं, नाही. पहिल्या सिटिंगच्या आधी ते विचार. सुई मान सैल करेल, पण रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडलास की ती पुन्हा आखडेलच.

मन फारच खचलं, तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ फिरव, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

आणि वेळ शनिवार सकाळची घे. ऑफिस सुटल्यावर वाकडच्या गर्दीत तासभर अडकून पोचलीस, तर आडवं पडूनही हॉर्नच ऐकू येतील. उपाशीपोटी जाऊ नकोस, चक्कर येते. पोहे खाऊन जा.