चार वाजले की गाडी थांबवायची

अगं,

तुमच्या रोड ट्रिपची तुझी एक्सेल शीट उघडून बघितली. रंग छान दिलेयस, गॅसचा, म्हणजे पेट्रोलचा, हिशोब पण नीट आहे, पण मी पहिल्या दोन ओळींवरच अडकले. पहिल्या दिवशी न्यू जर्सीतलं एडिसन ते शिकागो, दुसऱ्या दिवशी शिकागो ते साउथ डकोटातलं बॅडलँड्स, म्हणजे रोज जवळजवळ आठशे मैल, आणि पुढच्या रकान्यात बिनधास्त लिहिलंयस 'रात्री तंबू'. रात्री म्हणजे किती वाजता गं? आठशे मैल म्हणजे जेवण, बाथरूम, गॅस धरून चौदा तास, त्यानंतर अंधारात, कपाळाला टॉर्च बांधून, अनोळखी जागी तुम्ही दोघं तंबूचे दांडे जुळवणार आणि एकमेकांशी गोडीत बोलणार? तिथेच घोडं पेंड खातं.

तू विचारलंयस की साठी उलटल्यावर आम्ही न्यू जर्सीहून पार कॅलिफोर्नियापर्यंत तंबूत राहत कसे गेलो आणि भांडणं झाली नाहीत का. झाली ना, न व्हायला काय झालं. पण आता मागे वळून बघते तर जवळपास सगळी भांडणं संध्याकाळी सहानंतरची. सकाळी कुणी भांडत नाही, दुपारी गाडीत झोप आलेली असते. संध्याकाळी पोटात कावळे, पाठ आखडलेली, ऊन उतरतंय आणि जागा अजून सापडायचीय, की मग 'मी म्हटलं होतं मागच्या एक्झिटला वळ' हे वाक्य येतंच येतं, आणि ते कुणी म्हटलं याला काही अर्थ नसतो. म्हणून माझा सल्ला एकच आहे, बाकी सगळं त्याच्याच पोटात: दुपारी चारला गाडी थांबवायची. मैल किती झाले, 'अजून तासभर जाऊ की' हे सगळं बाजूला ठेवून. रोजचे तीनशे, फार तर साडेतीनशे मैल धर, आणि दोन-तीन दिवसांनी एकाच जागी दोन रात्री राहा, नाहीतर तंबू घडी करण्यातच ट्रिप संपते.

तुझा नवरा म्हणेल की एवढ्या सावकाश गेलं तर पोचणार कधी. त्याला अ‍ॅलिस रॅमसीचं सांग. आपल्या हॅकेनसॅकची बाई गं, बर्गन काउंटीतली, वय वर्षं २२. १९०९ साली न्यूयॉर्कहून निघून मॅक्सवेल गाडी स्वतः चालवत ५९ दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोला पोचली, देश आडवा पार करणारी पहिली बाई ड्रायव्हर. बरोबर तिघीजणी होत्या, त्यातल्या एकीलाही गाडी येत नव्हती. ३,८०० मैलांतला जेमतेम १५२ मैल रस्ता पक्का होता, बाकी चिखल नाहीतर धूळ. आणि आपण आय-८० हायवेवर क्रूझ कंट्रोल लावून बसतो नि वर म्हणतो दमलो.

आम्ही गेलो ते २०२४ च्या जूनमध्ये, सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन होतं ना, त्याला. आपल्याकडचे बाकी सगळे विमानाने गेले. तुझे काका रिटायर झाल्यापासून म्हणत होते एकदा रस्त्याने जाऊ, मग म्हटलं चला, निमित्त आहे. पैठणी एका पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गुंडाळून व्हॅनच्या तळाला टाकली होती, अधिवेशनाच्या सकाळी तिच्या चुण्या काढता काढता नाकी नऊ आले, पण ते जाऊ दे.

रस्ता आम्ही असा घेतला. २८७ वरून पार्सिपनीला आय-८०, पेनसिल्व्हेनिया आडवं पार (तेच तीनशेच्या वर मैल आहे, संपता संपत नाही), मग शिकागोनंतर आय-९० वरून विस्कॉन्सिन, मिनेसोटा, साउथ डकोटा. शिकागोपर्यंत बघण्यासारखं काही शोधत बसू नका, स्टेट पार्कमध्ये साधी जागा घ्यायची, शॉवर असतो, झोपायचं आणि निघायचं. खरी गंमत साउथ डकोटात चेंबरलेनला मिसुरी नदी ओलांडली की सुरू होते. नदीच्या अलीकडे मक्याची शेतं, पलीकडे एकदम गवताळ उघडा मुलूख, झाड नाही नि घर नाही. आम्ही दोघंही तिथे दोन तास एक अक्षर बोललो नव्हतो. तुला असं झालं तर घाबरू नकोस, लगेच पॉडकास्ट लावू नकोस. घरात शांतता असली की वाटतं काहीतरी बिनसलंय, गाडीत तसं नसतं.

पश्चिमेला जाताना एक फायदा असतो तो बघ. टाइम झोन बदलला की घड्याळ तासभर मागे जातं, असं तीनदा. शरीर अजून जर्सीच्याच वेळेवर असतं, त्यामुळे पहाटे पाचला आपोआप जाग येते. उठायचं, चहा करायचा, सहा-सातला रस्त्यावर, म्हणजे चारपर्यंत आरामात होतं. येताना मात्र उलटं, दर वेळी तास हातातून जातो, तेव्हा परतीचे मैल आणखी कमी धर. सगळे परतीला जास्त मैल धरतात, घरची ओढ असते म्हणून, आणि परतीच्या रस्त्यावरच एकमेकांवर खेकसतात.

लवकर थांबण्याचं दुसरं कारण म्हणजे जागा. नॅशनल पार्कांमधल्या बऱ्याच कॅम्पग्राउंडचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर सहा महिने आधी उघडतं आणि चांगल्या जागा बघता बघता जातात. रद्द झालेल्या परत दिसायला लागतात, तेव्हा रोज एकदा बघत राहा. पण काही जागा अजून 'जो आधी येईल त्याची' अशा आहेत, वायोमिंगमधल्या डेव्हिल्स टॉवरचं कॅम्पग्राउंड तसं आहे. १९०६ साली जाहीर झालेलं हे देशातलं पहिलं नॅशनल मॉन्युमेंट, आणि तंबूच्या दारातून तो अख्खा खडक दिसतो. तिथे जेवायच्या वेळेपर्यंत पोचलं की हवी ती जागा, संध्याकाळी पोचलं की पुढचं गाव शोधा. अमेरिकेत राहणाऱ्यांना पार्कांचा वर्षाचा पास ८० डॉलरला मिळतो, तो पहिल्याच गेटवर घेऊन टाक. आमचा सीनियरवाला आहे, तो जन्मभर चालतो आणि बऱ्याच ठिकाणी कॅम्पिंगचे पैसे अर्धे होतात. म्हातारं होण्याचे एवढेच काय ते फायदे.

आता बॅडलँड्स. तू सीडर पासचं कॅम्पग्राउंड लिहिलंयस, ते चांगलं आहे, पण एक रात्र सेज क्रीकला राहाच. कच्च्या रस्त्याने जावं लागतं. बुकिंग नाही, पैसे नाहीत, नळ पण नाही, पाणी आपलं आपण न्यायचं, शेकोटीला पूर्ण बंदी, स्टोव्ह चालतो. आणि बायसन मोकळे फिरतात. आम्ही पोचलो तेव्हा लांब टेकडीवर काळे ठिपके दिसत होते, काका म्हणाले गुरं असतील. पहाटे जाग आली ती कचाकच गवत उपटण्याच्या आवाजाने, अगदी कानाशी. जाळीतून बघते तर एक धूड तंबूच्या दोरीपलीकडे उभं. नऊशे किलोपर्यंत वजन असतं नराचं, आणि ताशी ३५ मैल पळतो. नियम आहे की त्याच्यापासून लांब राहायचं, पण हा नियम त्याला कोण सांगणार? काकांना नेमकी तेव्हाच घाई लागलेली. मी त्यांचा हात धरून ठेवला आणि दोघं श्वास रोखून पडून राहिलो, तो सावकाश चरत चरत पुढे गेला, मग त्याच्यामागून दुसरा, तिसरा. पाऊण तास तरी गेला असेल. एवढा वेळ एकमेकांचा हात धरून आम्ही शेवटचे कधी बसलो होतो कोण जाणे.

तिथला वारा मात्र भयंकर. तंबूच्या बाजूच्या दोऱ्या सगळ्यांना शोभेच्या वाटतात, त्या रोज ताणून बांधायच्या, आकाश स्वच्छ असलं तरी. तंबूखालची ताडपत्री तंबूच्या बाहेर आली नाही पाहिजे, आली की पावसाचं पाणी तिच्यावरून थेट तुमच्या पाठीखाली. आणि ती दोघांची मिळून एक हवेची गादी लिस्टमधून काढ. एकाने कूस बदलली की दुसरा उडतो, शिवाय आत नुसती हवा असल्यामुळे खालून गारठा लागतो. दोन वेगळ्या, थंडी अडवणाऱ्या मॅट घ्या. स्लीपिंग बॅगवर जे मोठ्या अक्षरात तापमान लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नकोस, कम्फर्ट रेटिंग, म्हणजे आरामात झोप लागेल ते तापमान, बघ.

वॉल ड्रगला जायचंच, बॅडलँड्सपासून जवळ आहे, १९३१ पासूनचं दुकान, फुकट बर्फाच्या पाण्याच्या पाट्या लावून लावून मोठं झालं. कॉफी अजून पाच सेंटला देतात. कॉफी प्या आणि निघा. आणि हो, तुम्ही ऑगस्टमध्ये जाताय, तर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारपासूनचे दहा दिवस तो भाग टाळा, स्टर्जिसची मोटरसायकल रॅली असते, लाखो लोक, कुठे जागा म्हणून मिळत नाही.

खाण्याचं बोलू, कारण तुझ्या शीटमध्ये रोज 'सँडविच' लिहिलंय आणि चौथ्या दिवशी तुम्ही एकमेकांकडे बघणार नाही. छोटा कुकर ने. यलोस्टोनला मॅडिसन कॅम्पग्राउंड साधारण ६,८०० फुटांवर आहे, तिथे पाणी ९३ अंशालाच उकळतं, साध्या पातेल्यात डाळ तास न् तास रटरटते पण शिजत नाही. कुकरला त्याचं काही नाही. पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या तंबूतला माणूस दचकून उभा राहिला, त्याला वाटलं काहीतरी फुटतंय, मग त्याला वरण-भात दिला, त्यावर तूप पण घातलं, दुसऱ्या दिवशी तो आपणहून वाटी घेऊन आला. भाजणी, मेतकूट, लसणीची चटणी, पोहे एवढं असलं की फ्रेश काही मिळो ना मिळो चालतं. पण जेवून झालं की अन्न, कचरा, कूलर, धुतलेला कुकरसुद्धा, टूथपेस्ट, साबण, सगळं काचा बंद करून गाडीत नाहीतर तिथल्या लोखंडी पेटीत. अस्वलाला फोडणीचा वास आपल्यापेक्षा आधी येतो. योसेमिटीला गेलात तर तिथे रात्री गाडीत ठेवलेलंही चालत नाही, पेटीतच ठेवायचं. कॅलिफोर्नियात शिरताना हायवेवर शेतीखात्याची चौकी लागते, फळं आहेत का विचारतात. लिंबं-संत्री आधीच संपवा, आणि कढीपत्ता अजिबात नेऊ नकोस, संत्र्या-लिंबाच्या बागा खलास करणारी कीड त्या पानांवर वाढते म्हणून तिकडे फार कडक आहेत.

कामं वाटून घ्या, आणि एकदा वाटली की दुसऱ्याच्या कामात तोंड घालायचं नाही. आमच्यात तंबू काकांचा, स्टोव्ह माझा. खिळा तिरका ठोकला तरी मी बोलायचं नाही, भातात पाणी जास्त झालं तरी त्यांनी बोलायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण संसारात इतकी वर्षं आम्हाला हे जमलं नव्हतं, कारण घरात दुसऱ्या खोलीत निघून जाता येतं. तंबूला दुसरी खोली नाही. गाडी मागे घेताना मागे उभं राहून हातवारे करायचं काम कुणाचं ते पण आधी ठरवा, हसू नकोस, तिथे बघितलेली अर्धी भांडणं त्यावरूनच होती, आमची नाही, इतरांची.

परत येताना युटातून आय-७० धरलीत तर सलाइना गावालाच टाकी भरून घ्या. तिथून पुढे ग्रीन रिव्हरपर्यंत सुमारे ११० मैल गॅस मिळत नाही. फोनला रेंज पण बऱ्याच भागात नसते, नकाशे आधी डाउनलोड कर आणि एक छापील अ‍ॅटलास पुढच्या सीटच्या कप्प्यात असू दे. सरपण घरून नेऊ नका, लाकडातून किडी पसरतात, तिकडेच विकत घ्या.

आणि तारखा. तुझ्या शीटमध्ये एकही दिवस रिकामा नाही. निदान तीन ठेव, नाव-गाव काही न लिहिता. कुठे वापराल ते आत्ता कळणार नाही. आम्ही एक नेवाडातल्या ग्रेट बेसिनला वापरला, तिथे दिवसा फार काही केलं नाही, रात्री खुर्च्या टाकून आकाशगंगा बघत बसलो आणि काकांनी त्यांच्या वडिलांबद्दल असं काही सांगितलं जे मी लग्नानंतर आजवर ऐकलं नव्हतं. का सांगितलं नव्हतं म्हणून विचारलं तर म्हणाले, कधी विषयच निघाला नाही.

शीट दुरुस्त करून परत पाठव, मी बघते. तंबू विकत घेऊ नका, आमचा घेऊन जा, शनिवारी दोघं या जेवायला. आधी आमच्या बॅकयार्डमध्ये तो दोघांनी मिळून लावून दाखवायचा, मगच आमटी-भात. कुकरला रिंग नवी घाल, जुनी वाफ सोडते.

तुझी,
काकू