एका लिंबासाठी

प्रिय,

पुण्यात कुठलं घर भाड्यानं घ्यावं, हे विचारणारी तुझी मेल मिळाली आणि सोबतचा एक्सेलचा तक्ताही उघडला. चौदा रकाने! भाडं, डिपॉझिट, कार्पेट एरिया, ऑफिसपासूनचं अंतर, पार्किंग, लिफ्ट, जनरेटर, जिम. माझ्या टीममध्ये असताना इतकी नेटकी शीट तू एकदाही दिली नाहीस, हे नोंदवून ठेवते.

शहरातल्या कोथरूडचा वन बीएचके आणि हिंजवडीच्या बाजूच्या पुनावळ्याचा टू बीएचके, भाड्यात हजार-दीड हजाराचा फरक. तुझ्या गुणांनुसार पुनावळे कधीच जिंकलंय, माझ्याकडून फक्त शिक्का हवाय. पण मी तक्ता दोनदा वाचला आणि एक रकाना शोधत राहिले. तुझ्या आईचा.

तू आठवड्यातले तीन दिवस हिंजवडीला ऑफिसात जाणार. बायको रोज शिवाजीनगर कोर्टात, तिच्या सीनियरची कामं संपेपर्यंत. म्हणजे या घरात सगळ्यात जास्त वेळ राहणार आहेत तुझ्या आई, ज्या जळगावचं घर बंद करून येतायत. तिथे सकाळी भाजी, मग देऊळ, महिन्याच्या भिशीला चार गल्ल्या पलीकडे, असं त्यांचं चालू असायचं, हे तूच मला कधीतरी डबा खाताना सांगितलंयस. त्यांना गाडी चालवता येते का? फोनवरून रिक्षा बोलावता येते का? दोन्हीचं उत्तर नाही असेल, तर त्यांच्या पायांना जेवढं झेपेल तेवढंच त्यांचं पुणं. बाकीचं शहर खिडकीतून दिसेल, तेही चौदाव्या मजल्यावरून.

हे मी शहाणपणानं लिहीत नाहीये, चूक करून लिहितेय. 2011 साली आम्ही सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या सोडून शहराबाहेर मोठ्या फ्लॅटमध्ये गेलो. जागेचं नाव सांगत नाही, अजून तिथे ओळखीचे लोक सुखानं राहतायत. तीन बेडरूम, दोन बाल्कन्या, खाली बाग. सासूबाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या. पहिला महिना त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला बाल्कनी दाखवत होत्या. "उजेड बघा केवढा," म्हणायच्या. पेठेत आमच्याकडे दुपारीसुद्धा दिवा लागायचा.

चौथ्या-पाचव्या महिन्यात एकदा मी ऑफिसातून लवकर आले. गेटजवळच्या बाकावर सासूबाई बसलेल्या. इस्त्रीची साडी, पायात चपला, हातात छोटी पर्स. मला वाटलं, कुणाकडे निघाल्यात. विचारलं तर म्हणाल्या, लिंबू हवं होतं. कॉम्प्लेक्समधलं दुकान दुपारी बंद, दुसरं हायवेच्या पलीकडे. वॉचमननं अडवलं होतं, "आजी, ट्रक फार आहेत, एकट्या नका जाऊ." म्हणून त्या बसल्या होत्या, कुणी ओळखीचं पलीकडे जाणारं भेटलं तर सोबतीनं जाऊ म्हणून. तासभर. मला सांगताना असा चेहरा, जसं काही त्यांचंच चुकलं. मी दुसऱ्या दिवशी येताना गाडी थांबवून किलोभर लिंबं आणली. त्यांनी ती फ्रिजमध्ये नीट लावली आणि म्हणाल्या, "अगं, एकच हवं होतं."

मला तेव्हा ते समजलं नाही. चार वर्षांनी कोथरूडला भाड्यानं आलो, जागा जवळजवळ निम्मी. सासूबाई दिवसातून तीनदा खाली उतरायला लागल्या. एकदा कोथिंबीर, एकदा नुसतं विड्याचं पान, एकदा लिंबू. एका फेरीत सगळं आणा म्हटलं की हसायच्या. लिंबूवाल्या बाईची मुलगी बारावीला किती टक्क्यांनी पास झाली, हे आमच्या घरात सगळ्यात आधी त्यांना कळलं होतं.

आता मी पेठांची पुजारीण आहे असं समजू नकोस. सदाशिव पेठेत गणपतीचे दहा दिवस बाळ झोपवून बघ, मग बोलू. पार्किंगवरून होणारी भांडणं, शेजाऱ्याच्या खिडकीला टेकलेली आपली खिडकी, ठरावीक वेळेलाच येणारं पाणी, आणि घरमालक नावाची संस्था. जुन्या इमारतींना लिफ्ट नसते, हे तर सगळ्यात वाईट. तुझ्या आईंचे गुडघे कसे आहेत ते तू लिहिलेलं नाहीस. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट नसलेला तिसरा मजला हायवेपेक्षा भयंकर, कारण हायवे निदान उतरल्यावर लागतो.

आणि पायी चालण्याजोगं म्हणजे गुळगुळीत फुटपाथ, असंही पुण्यात समजायचं नाही. महापालिकेनं 2016 मध्ये पादचाऱ्यांसाठी धोरण मंजूर केलं. जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथ झाले, ते खरोखर छान आहेत. 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून पादचारी दिनही साजरा होतो. उरलेल्या दिवसांत फुटपाथवरून दुचाकी येते आणि वर आपल्यालाच हॉर्न देते. चालण्याजोगं म्हणजे एवढंच की जिथे जायचंय ते जवळ आहे आणि मधे ओलांडता न येणारा रस्ता नाही. पुनावळ्याच्या माहितीपत्रकात जॉगिंग ट्रॅक दिलाय तोही मी पाहिला. चांगला आहे. पण त्याच्यावर चाललं की माणूस निघाला तिथेच परत येतो, मधे लिंबूवाली लागत नाही.

पुनावळ्याच्या बाजूनंही बोलते, नाहीतर म्हणशील मॅडमनी आधीच ठरवलं होतं. तीन मोठी माणसं वन बीएचकेमध्ये राहिली तर हॉलमध्ये कोण झोपणार? आईच झोपणार, आणि रात्री बारापर्यंत तुझे कॉल चालणार. त्यांना दार लावता येईल अशी खोली हवी, हा मुद्दा कोथरूडच्या विरोधात जातो आणि तो लहान नाही. नवी इमारत, लिफ्ट, उजेड, ऑफिस जवळ, उद्या मूल झालं तर खाली खेळायला जागा. हे सगळं खरं आहे. तुला जर एकट्या जोडप्यासाठी विचारायचं असतं, तर मी दोन ओळींत "घे" म्हणून मोकळी झाले असते.

मात्र पाण्याचं नीट विचार. पुनावळे जिच्या हद्दीत येतं ती पिंपरी-चिंचवड महापालिका 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी देते. नव्या सोसायट्यांची तहान टँकरवर भागते. दलालाला विचारू नकोस, तो "चोवीस तास पाणी" म्हणेल आणि ते खोटंही नसेल, कारण टाकीत पाणी असतंच. वॉचमनला विचार, उन्हाळ्यात दिवसाला किती टँकर येतात. मग सोसायटीच्या सेक्रेटरीला विचार, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, आणि ते भाडेकरू भरतो की मालक. आमच्या वेळी हे आम्हाला पहिल्या मे महिन्यात कळलं.

प्रवासाचा हिशोब तू फक्त स्वतःचा केलायस. कोथरूडहून हिंजवडीचा फेज थ्री साधारण वीस किलोमीटर. वाटेतल्या चांदणी चौकाचा जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 ला स्फोटानं पाडला, तेव्हा ते बघायला कोण गर्दी! पुढच्या ऑगस्टमध्ये नवे रस्ते खुले झाले. फरक पडला, पण हायवेवरून हिंजवडीत शिरताना जे व्हायचं ते होतंच. पुनावळ्यात राहिलास तर तीन दिवसांत मिळून तुझे चार-पाच तास वाचतील, हे मान्य. आता बायकोचा हिशोब कर. कोथरूडला राहिलात तर वनाझला मेट्रोत बसली की थेट जिल्हा न्यायालय स्थानकात उतरते, कोर्ट समोर. पुनावळ्यातून तिला आधी रिक्षा किंवा गाडीनं पिंपरीपर्यंत यावं लागेल, मग मेट्रो. रात्री आठला उलट दिशेनं तेच. आठवड्यातून पाच-सहा दिवस. तुझे वाचलेले तास तिथे जातायत. आणि माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही 23 किलोमीटरची मेट्रो आली की सगळं सुटेल, असं दलाल म्हणतो ते नकाशा उघडून तपास. ती वाकड, बालेवाडी, बाणेरवरून जाते. पुनावळे तिच्यावर नाही.

म्हणून माझं खरं म्हणणं ऐक. तू शहर म्हणजे कोथरूड आणि मोठं घर म्हणजे पुनावळे, असे दोनच खण केलेस. पुण्याबाहेरून येणारे बहुतेक जण असंच करतात, कारण मित्र एकतर इथे राहतात नाहीतर तिथे. चिंचवडगाव बघितलंस का? पुनावळ्याच्या दलालानं तुला तिथूनच नेलं असेल, काच न उतरवता. ते उपनगर नाही, जुनं गाव आहे. चापेकर चौकाच्या आसपास भाजी, किराणा, दवाखाने, शिंपी, सगळं पायी. पवनेच्या काठी मोरया गोसावींचं समाधी मंदिर, तिथे सकाळी तुझ्या आईंना बोलायला दहाजणी मिळतील, आणि त्यातली एखादी खानदेशची निघेलच. भरताची वांगी कुठे चांगली मिळतात हे तिला माहीत असेल. बायकोला पिंपरीहून मेट्रो, नाहीतर चिंचवड स्टेशनवरून लोणावळ्याची लोकल पकडून शिवाजीनगर. दुपारी गाड्या कमी असतात, सकाळ-संध्याकाळ चालतं. तुला हिंजवडी कोथरूडपेक्षा बरीच जवळ. जरा जुन्या पण लिफ्ट असलेल्या इमारतीत, तुझ्या बजेटमध्ये दोन खोल्या आणि हॉल मिळण्यासारखा आहे, जिम नसेल. निगडी प्राधिकरणही पाहा. आखून वसवलेलं आहे, रस्ते रुंद, झाडं जुनी. भाडं थोडं चढं वाटेल.

फक्त नदीजवळचा तळमजला घेऊ नकोस, कितीही स्वस्त असला तरी. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पुराचं पाणी शिरलं ते टीव्हीवर पाहिलं असशीलच. मुठा काय, पवना काय, धरणातून पाणी सोडलं की त्या विचारत नाहीत.

घर बघायला रविवारी सकाळी जाऊ नकोस. रविवारी सकाळी हायवेसुद्धा गोड दिसतो. एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सातला जा, आईंना घेऊन, आणि गाडी लांब लावा. त्यांना सांग की एक लिंबू आणि एक दोऱ्याचं रीळ आणायचंय. तू मागून चाल, बोलू नकोस. कुठे त्या थबकतात, कुठे तुझा हात शोधतात, रस्ता ओलांडायला किती वेळ उभ्या राहतात, ते बघ. जीपीएसवर चारशे मीटर दिसतं ते अंतर आईंच्या पायांनी किती होतं, हे एकदाच मोजायचंय.

कागदाचं थोडक्यात. लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला भाड्याचा करार, अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, आणि 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी मालकावर आहे. "नोटरी करून टाकू, काही होत नाही," म्हणणाऱ्या मालकाला हसून नाही म्हण. लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचं आहे ते वाच, कारण चूक झाली तर तुला निघता आलं पाहिजे.

आणि विकत घ्यायची घाई नको. तू शेवटच्या ओळीत हळूच लिहिलंयस की पुनावळ्याचा मालक विकायलाही तयार आहे. साठ लाखांच्या फ्लॅटवर सात टक्क्यांनी 4 लाख 20 हजार मुद्रांक शुल्क आणि वर 30 हजार नोंदणी. एकट्या बायकोच्या नावावर घेतलंस तर एक टक्का सवलत, तेवढं साठ हजार. तरी पावणेचार लाखांच्या वर गेले, आणि घर चुकलं तर त्यातला रुपया परत येत नाही. आम्ही तो शहराबाहेरचा फ्लॅट विकला तेव्हा नवरा कॅल्क्युलेटर घेऊन बसला होता, मी त्याच्या हातातून काढून घेतला. एक पावसाळा आणि एक मे महिना भाड्यानं काढा. मग तक्ता परत पाठव, मी गुण देईन.

आई कधी येतायत ते कळव. तुमच्या त्या मंगळवारी मलाही यायला आवडेल. मी वनाझहून मेट्रोनं येईन, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून पिंपरीला उतरेन आणि तिथून रिक्षानं चापेकर चौकात. तू मागून चालशील तेव्हा मी आईंबरोबर पुढे चालते. आणि त्यांना आधीच विचारून ठेव, त्यांना लिंबू हवंय की आणखी काही. मला वाटतं, तू त्यांना अजून काहीच विचारलेलं नाहीस.

तुझी
मॅडम (आता रिटायर झालेय, ताई म्हण)