वाचकांचे प्रश्न : गेन्शर यांची अठरा वर्षं

प्रश्न : जर्मनीच्या एफडीपी या छोट्या उदारमतवादी पक्षाचे हान्स-डीट्रिश गेन्शर १९७४ ते १९९२ परराष्ट्रमंत्री होते. बहुतेक निवडणुकांत दहा टक्केही मतं न मिळणाऱ्या पक्षाला हे कसं जमलं?

उत्तर : मधले अडीच आठवडे वगळावे लागतील, त्याबद्दल पुढच्या उत्तरात. बाकीचं बरंचसं १९७६च्या आकड्यांत दिसतं. ४९६ जागांच्या संसदेत बहुमत २४९चं. ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि त्यांचा बव्हेरियातला जोडीदार पक्ष मिळून २४३, सोशल डेमोक्रॅट २१४, एफडीपी ३९. सर्वांत मोठा गट सहा जागांसाठी विरोधात बसला आणि २१४ अधिक ३९ यांचं सरकार आलं. एफडीपी ज्याच्या बाजूला, चान्सलर (म्हणजे सरकारप्रमुख, आपल्या पंतप्रधानासारखा) त्याचा. मग परराष्ट्र खातं मागितलं तर नाही कोण म्हणणार?

आता यातली मेख. मतदाराला दोन मतं असतात : पहिलं मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाच्या राज्य-यादीला. जागांचा हिशेब दुसऱ्या मतावर होतो, आणि त्यासाठी देशभरात ५ टक्के मतं किंवा तीन मतदारसंघ जिंकावे लागतात. मतदारसंघ जिंकणं एफडीपीला जमत नसे. गेन्शरही नॉर्थ राइन-वेस्टफेलियाच्या यादीतूनच संसदेत जात. १९८३ मध्ये पक्षाला पहिली मतं २.८ टक्के पडली, दुसरी ७. म्हणजे मोठ्या मित्रपक्षाच्या मतदारांनी दुसरं मत उसनं दिलं होतं. उसनवारी आटली की काय होतं, ते २०१३ (४.८ टक्के) आणि २०२५ (४.३ टक्के) मध्ये दिसलं. दोन्ही वेळा पक्ष संसदेबाहेर.

प्रश्न : १९८२ मध्ये त्यांनी भागीदार बदलला, तरी लगेच निवडणूक झाली नाही. तिथे पक्षांतरबंदी नाही का?

उत्तर : नाही. पण तो मुद्दा इथे येतही नाही. पक्षच्या पक्ष आघाडी बदलतो तेव्हा आपल्या घटनेचं दहावं परिशिष्टही (पक्षांतरबंदीचा कायदा) लागू होत नाही. फरक अविश्वास ठरावात आहे. जर्मन मूलभूत कायद्याच्या (तिथल्या राज्यघटनेच्या) ६७व्या कलमानुसार चान्सलरला नुसतं पाडता येत नाही. त्याच मतदानात नवा चान्सलर बहुमतानं निवडावा लागतो, आणि प्रस्ताव व मतदान यांत ४८ तासांचं अंतर लागतं. आपल्याकडे १७ एप्रिल १९९९ला वाजपेयी सरकार एका मतानं पडलं, पर्यायी सरकार जमलं नाही आणि देश निवडणुकीला सामोरा गेला. जर्मनीत पर्याय आधी दाखवावा लागतो. १९७२ मध्ये चान्सलर विली ब्रांट यांच्याविरुद्धचा असाच प्रयत्न दोन मतांनी फसला होता.

१९८२ मध्ये भांडण अर्थसंकल्पावरून होतं. १७ सप्टेंबरला एफडीपीचे चारही मंत्री बाहेर पडले. परराष्ट्र खातं सोशल डेमोक्रॅट चान्सलर हेल्मूट श्मिट यांनी स्वतःकडे घेतलं. १ ऑक्टोबरला ख्रिश्चन डेमोक्रॅट हेल्मूट कोल २५६ मतांनी चान्सलर म्हणून निवडून आले (हवी होती २४९) आणि गेन्शर जुन्या खात्यात परतले. एफडीपीच्या सगळ्याच खासदारांनी कोलना मत दिलं नाही. हिल्डेगार्ड हाम-ब्र्यूशर सभागृहात उघड विरोधात बोलल्या.

किंमत पक्षानं मोजली. त्याच सप्टेंबरात हेसे राज्यात ३.१ टक्के मतं पडून पक्ष विधानसभेबाहेर गेला, सरचिटणीस ग्युंटर फेरहॉयगन सोशल डेमोक्रॅट झाले, आणि मार्च १९८३ला राष्ट्रीय मतं १०.६वरून ७वर आली. चाल घटनेत बसणारी होती. मतदाराला विचारण्याआधी केली, हे मात्र लोकांना खुपलं.

प्रश्न : १९८९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या प्राग इथल्या पश्चिम जर्मन दूतावासात आसरा घेतलेले पूर्व जर्मन निर्वासित पश्चिमेकडे जाताना पुन्हा पूर्व जर्मनीतूनच का नेले?

उत्तर : ती पूर्व जर्मन सरकारची अट होती. नागरिक पळाले नाहीत, आम्हीच त्यांना सोडलं, असं त्यांना दाखवायचं होतं. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीदरम्यान गेन्शर सोव्हिएत आणि पूर्व जर्मन परराष्ट्रमंत्र्यांशी बोलले आणि ३० सप्टेंबर १९८९ला संध्याकाळी प्रागच्या लोब्कोविट्झ राजवाड्याच्या, म्हणजे दूतावासाच्याच, सज्जात उभे राहिले. खाली बागेत तंबू, चिखल आणि सुमारे चार हजार माणसं. जाण्याची परवानगी मिळाल्याचं वाक्य जल्लोषात अर्धंच ऐकू आलं. मार्ग कळल्यावर मात्र लोक धास्तावले, गाडी मध्येच अडवली तर? म्हणून प्रत्येक गाडीत पश्चिम जर्मन अधिकारी बसवले. स्वतः गेन्शर १९५२ मध्ये हाले शहरातून पळून आलेले, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. वाटेत पूर्व जर्मन कर्मचाऱ्यांनी ओळखपत्रं काढून घेतली, पण गाड्या बव्हेरियातल्या होफला पोहोचल्या.

पूर्व जर्मन सरकारला हा डाव उलटा पडला. दूतावास पुन्हा भरला, ३ ऑक्टोबरला त्यांनी चेकोस्लोव्हाकियाची सीमा बंद केली, आणि ४ तारखेला पुढच्या गाड्या जाणार म्हणून हजारो लोक पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेन स्थानकावर चढायला जमले. तिथे पोलिसांशी त्यांची जोरदार झटापट झाली.