दिवसभर कंपनीचं काम केल्यावर प्रोग्रामिंगची आवड कशी टिकवावी?

प्रश्नकर्त्यानं लिहिलंय की आयटीत चार वर्षं झाली, दिवसभर तिकिटं (म्हणजे नोंदवून आलेली कामं) आणि मीटिंगा, घरी आलं की लॅपटॉप उघडावासा वाटत नाही, कॉलेजात तर रात्र रात्र कोड लिहायचो. पुढं विचारलंय, रोज किती वेळ द्यावा आणि कोणती नवी भाषा शिकावी.

भाषेचं आधी उरकून टाकतो. कोणतीही नको, येते ती पुरे. नव्या भाषेचा कोर्स लावला की पहिला आठवडा बरं वाटतं, नंतर आपण व्हिडिओ दुप्पट वेगानं पळवत बसतो. मुलाखतीची कोडी सोडवा म्हणणारेही भेटतील. सोडवा खुशाल, पण ती नोकरी बदलायची तयारी आहे, तिला आवड म्हणू नका.

आता माझं सांगतो, कारण हा प्रश्न वाचून आमच्या घरातलं एक जुनं भांडण आठवलं.

मी दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहून काम करतो. कंपनी पुण्याची, गिऱ्हाईक परदेशातली विमा कंपनी, मी जावा भाषेत कोड लिहिणारा. लॉकडाऊनमध्ये गावी आलो तो इथंच राहिलो, वरून बोलावणं आलं की जाऊन येतो. पगार वेळेवर होतो, तक्रार नाही. पण काम कसलं, ऐका. एका स्क्रीनवरच्या सूचनेतला एक शब्द बदलायचा होता. त्याचं तिकीट, मग इम्पॅक्ट ॲनालिसिस, मग चेंज रिक्वेस्ट, मग मंजुरीची मीटिंग, मग टेस्टिंगवाल्यांची सही, मग रिलीजची तारीख. शब्द लोकांपर्यंत पोचेस्तोवर तिमाही उलटली. तो कोणी वाचला का, कोणाचं अडलेलं काम त्यानं झालं का, काही पत्ता नाही. तुम्हाला वाटतं तुम्ही थकलात म्हणून आवड गेली. मला तसं वाटत नाही. केलेलं काम कोणाच्या उपयोगी पडलं हे दिसेनासं झालं की आवड जाते.

त्याच सुमारास घरी वेगळाच गोंधळ होता. आमच्याकडं ओलिताची लाईन, म्हणजे शेताला पाणी द्यायची वीज, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. गावठाणाचा फीडर (वीजवाहिनी) वेगळा, शेतीचा वेगळा, म्हणजे घरात दिवा लागला म्हणून वावरात लाईन आली असं नाही. वेळापत्रक असतं, पण डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला किंवा कुठं तार तुटली की ते कागदावरच. गहू-हरभऱ्याच्या दिवसांत बाबा रात्री एक-दीडला उठायचे, कानाला दुपट्टा बांधून, बॅटरी घेऊन वावरात जायचे आणि लाईन नसली की धुऱ्यावर शेकोटी करून वाट पाहायचे. साप आहेत, रानडुकरं आहेत, आणि आमच्या जिल्ह्यात वाघाची बातमी काही नवलाची नाही.

माझ्याकडं एक जुना अँड्रॉइड फोन पडला होता. त्यात टर्मक्स टाकलं, म्हणजे फोनवर कमांड देऊन प्रोग्राम चालवायचं ॲप, आणि पायथॉन ही भाषा टाकली. डोकं एवढंच लावलं: फोन चार्जरला लावून विहिरीजवळच्या मोटारीच्या पेटीत ठेवायचा. चार्जिंग सुरू झालं म्हणजे लाईन आली. टर्मक्समध्ये बॅटरीची स्थिती विचारायची कमांड आहे, एसएमएस पाठवायची आहे, फोन लावायचीही आहे. दर मिनिटाला बॅटरीला विचारायचं आणि चार्जिंग दिसलं की बाबांना एसएमएस. पन्नास ओळीही झाल्या नसतील.

पहिल्याच रात्री बाबा म्हणाले, मेसेजच्या आवाजानं जाग येत नाही. मग एसएमएस काढून सरळ फोन लावायचा केला. बाबांनी उचलायचा नाही, कापायचा. तो नंबर त्यांनी ‘मोटर’ नावानं सेव्ह केला. मग दुसरं निघालं. लाईन येते, बाबा चप्पल घालतात, तोवर लाईन जाते. म्हणून पाच मिनिटं सलग चार्जिंग राहिलं तरच फोन लागेल असं केलं. फोन कंपन्यांना बॅटरी वाचवायची भारी हौस, मागं चाललेला प्रोग्राम मध्येच मारून टाकतात. त्यासाठी वेक लॉक (फोनला झोपू न देणारी सोय) लावला आणि सेटिंगमध्ये टर्मक्सला बॅटरी बचतीतून सूट दिली.

खरी गंमत तिथून पुढं. एका रात्री फोन वाजला, बाबा गेले, मोटर हूं नाही की चूं नाही. चार्जर मात्र चालू. मी कोड तीनदा वाचला, लॉग पाहिला, सगळं बरोबर. सकाळी वायरमन आला आणि हसायला लागला. म्हणे, ‘भाऊ, थ्री फेज नसली तरी सिंगल फेज ऱ्हाते ना कधी कधी. तुमचा चार्जर एका फेजवर चालते, मोटरले तीन लागते.’ मोटारीच्या पेटीत सिंगल फेज प्रिव्हेंटर असतोच, तिन्ही फेज नसल्या तर तो मोटर चालू देत नाही. त्यानं चार्जरची जोडणी त्या प्रिव्हेंटरच्या रिलेमागून घेतली, म्हणजे तिन्ही फेज नीट आल्याशिवाय चार्जरला करंटच नाही. (हे काम वायरमनच्याच हातानं करून घ्या. दोन फेजच्या मध्ये चार्जर लावला तर चारशे व्होल्टच्या वर बसतात आणि चार्जरचा फटाका होतो.)

त्या हिवाळ्यात ऑफिसचं काम तेच होतं, तिकिटं तीच होती. पण सकाळी चहा पिताना बाबा एखादी तक्रार सांगायचे आणि संध्याकाळपर्यंत ती मिटलेली असायची. कॉलेजातला तो मी कुठं गेलो होतो, तर इथंच होतो. कोणी काम सांगत नव्हतं, एवढंच.

आता भांडण. आमचे भाऊजी पुण्यात आयटीतच आहेत, माझ्यापेक्षा वरच्या जागेवर. दिवाळीला ताईला घेऊन आले तेव्हा बाबांनी मोठ्या कौतुकानं त्यांना तो फोन दाखवला. भाऊजी म्हणाले, ‘अहो, मोबाईल स्टार्टर बाजारात तयार मिळतो, घरी बसून फोनवरून मोटर चालूबंद. यानं यात काय केलं?’ मी म्हटलं, मिळतो, मला माहीत आहे. तर म्हणाले, ‘मग एक तर तो विकत घे, नाही तर याचं ॲप कर, शेतकऱ्यांना वर्गणीवर विक. फुकटची मेहनत कशाला?’ जेवणाच्या ताटावर तासभर चाललं. ताईनं शेवटी पुरणपोळी वाढून दोघांची तोंडं बंद केली.

तेव्हा सुचलं नाही ते आता लिहितो. बाजारात मिळतं हे कारण धरलं असतं तर पायथॉनही झालं नसतं. गुइडो वान रॉसम यांनी ते १९८९ च्या डिसेंबरात सुरू केलं, नाताळच्या आठवड्यात ऑफिस बंद राहणार होतं म्हणून हाताला काही चाळा हवा होता. तेव्हाही सी होती, शेल होतं, त्यांच्याच संस्थेत तयार झालेली एबीसी नावाची भाषाही होती. त्यांचे भाऊजी जवळ नव्हते, हे जगाचं नशीब.

आणि विकण्याचं म्हणाल तर, विकायला काढलं की गिऱ्हाईक आलं, गिऱ्हाईक आलं की तिकीट आलं, आणि रात्री दीडला फोन बाबांना न येता मला यायला लागला असता. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. ज्याला धंदा करायचा आहे त्यानं जरूर करावा, त्यात वाईट काही नाही, पण त्यानं हा प्रश्न विचारू नये. त्याचा प्रश्न वेगळा आहे.

भाऊजींना बोलायला अजून जागा मिळाली ती पुढं. सरकारची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ मध्ये आली. आमच्यासारख्यांना दहा टक्के रक्कम भरून पंप मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना पाच टक्के. बाबांनी अर्ज केला, पॅनल बसले. आता ओलीत दिवसा, उन्हावर. माझा प्रोग्राम बंद. भाऊजी म्हणाले, ‘गेली ना मेहनत पाण्यात?’ पाण्यासाठीच तर केली होती.

प्रोग्राम बंद झाला तेव्हा वाईट वाटलं नाही, हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. फोन पेटीतून काढला आणि आईच्या कामाला लावला. कापूस वेचणीला बाया येतात, रोज संध्याकाळी वजन, वहीत नोंद, उचल वजा करून बाजाराच्या दिवशी हिशोब. हा हिशोब फोनवर घेतला, वजन पूर्ण किलोत. पायथॉनचा राउंड, म्हणजे आकडा पूर्ण करायची कमांड, साडेबाराचे १२ करतो आणि साडेतेराचे १४, अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडं जातो. बेरजेत फरक साचू नये म्हणून तसा नियम ठेवलाय. आईला तो समजावून सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तुह्या कंपूटरले सांग, दिवसभर ते बाई वाकते, तो नाही वाकत.’ आई अर्धा किलो नेहमी बाईच्या बाजूनं वर धरते. तसंच केलं. अशी रिक्वायरमेंट मला ऑफिसात कोणी दिली नाही.

रोज किती वेळ द्यावा विचारलंत. रोज नकोच. घरात, शेजारात, नात्यात एक माणूस शोधा जो हातानं काहीतरी पुन्हा पुन्हा करतो आणि वैतागतो. किराणावाल्याची उधारी, भिशीची वही, काहीही चालेल. त्याच्याजवळ बसून पाहा. वेळ आपोआप निघतो, नाही निघाला तर तो माणूस मागं लागतो.

माझं थोडं सोपं आहे हेही खरं. गावात भाडं नाही, येण्याजाण्याचा वेळ नाही, घरी लहान पोर नाही. रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्याला मी शहाणपण शिकवणं बरं नव्हे. त्यानं आधी झोप पुरी करावी. आणि थकवा नसून मनच कशात लागत नसेल, खाण्यापिण्यातही, तर डॉक्टरला दाखवा, प्रोग्राम लिहून ते जात नाही.

एक कायद्याची बाब. नोकरीच्या करारात ‘नोकरीच्या काळात केलेलं काम कंपनीचं’ अशा अर्थाचं कलम बहुतेक असतं, ते वाचा. पैसे घेऊन बाहेरचं काम करणं हा वेगळाच विषय, २०२२ मध्ये विप्रोनं स्पर्धक कंपन्यांसाठीही काम करणारे ३०० जण काढून टाकले होते. आईचा हिशोब त्यात येत नाही, तरी ऑफिसचा लॅपटॉप त्यासाठी उघडू नका. जुना फोन पुरतो. स्क्रीन फुटलेला चालतो, बॅटरी फुगलेला चालत नाही.